ज्योत्स्ना सिस्टरच्या नाकातला जंतू

धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नवजात बाळांची एक खोली होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली, वजनाला कमी, अंगाने पिवळी पडलेली बाळं तिथे ठेवत. बाहेरच्या भिंतीला मोठी काच होती, म्हणून शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला काचेची खोली म्हणायचे. ज्योत्स्ना बैसाणे त्या खोलीची इन्चार्ज सिस्टर.

पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात तिचा जन्म. वडील सालदार, आई निंदणी-खुरपणीला जाणारी. गावातल्या बौद्धवस्तीतून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो पन्नाशीच्या आतच छातीत कळ येऊन गेला. मागे एकच मुलगी, वृषाली. तिचं शिक्षण, तिचं लग्न, सगळं ज्योत्स्नाने त्या खोलीतल्या नोकरीवर निभावलं. जावई प्रशील वरणगावच्या फॅक्टरीत होता आणि वृषाली तिकडे क्वार्टरमध्ये सासूसोबत राहत होती.

ज्योत्स्ना स्वभावाने गोड होती असं कुणी म्हणणार नाही. तिच्या खोलीत बांगडी, अंगठी, घड्याळ घालून कुणी शिरलं की ती दारातच अडवायची, मग तो डॉक्टर का असेना. नव्या पोरींनी हात नीट धुतले नाहीत तर बाळाच्या आईसमोर त्यांची खरडपट्टी काढायची. पोरी मागे तिला 'काचेची मालकीण' म्हणायच्या. ते तिच्या कानावर होतं आणि मनातून तिला ते आवडायचंही. बाळाच्या डोक्यावरची केसाएवढी शीर पहिल्याच टोचणीत सापडावी, तर ती ज्योत्स्नालाच. अवघड बाळ आलं की डॉक्टर आधी विचारायचे, "बैसाणे सिस्टर ड्यूटीवर आहेत ना?"

त्या हिवाळ्यात तिची दाढ सुजली. दोन सिस्टर नाशिकला जास्त पगारावर निघून गेल्या होत्या, त्यामुळे रजा मागायची सोय नव्हती. तिने आपल्या मनानेच अँटिबायोटिकच्या कॅप्सूल सुरू केल्या. ठणका कमी झाला, तिने त्या थांबवल्या. दाढ पुन्हा सुजली, तिने आणखी जोरदार गोळ्या घेतल्या. असं करत करत संक्रांत उलटली. शेवटी एके दिवशी ती दाढ उपटून आली आणि गालात कापूस धरून दुपारच्या ड्यूटीला उभी राहिली. असं सगळ्याच नर्सेस करतात. तीही विसरून गेली.

फेब्रुवारीत रेशमा आली. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. नवरा मगन मजुरीला गुजरातेत गेलेला. दिवस भरायला बराच अवकाश असताना वाटेत जीपमध्येच ती बाळंत झाली होती. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. रेशमा पावरा समाजाची. तिला मराठी तुटक यायची, पण समजायचं सगळं. मुलीला ती पहिल्या दिवसापासून बिजला म्हणायची. ज्योत्स्ना म्हणाली, "अगं, अजून जगायचं नक्की नाही, आणि नाव ठेवून मोकळी?" रेशमा म्हणाली, "नाव असलं तर थांबेल."

ज्योत्स्नाने त्या मुलीवर जीव लावला. रेशमाचं दूध काढून ती ते थेंब थेंब नळीने द्यायची, पुढे वाटी-चमच्याने. वजन थोडं वाढलं तसं तिने बाळाला रेशमाच्या उघड्या छातीशी फडक्याने बांधलं आणि तिला तासन्तास तसंच बसायला लावलं. बिजलाचे गाल भरू लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवड्याभरात घरी सोडू.

मग एका सकाळी बिजलाच्या मानेच्या घडीत एक फोड दिसला. शेंगदाण्याएवढा, आत पाणी. ज्योत्स्नाने तो कापसाने हलकेच टिपला आणि कापसाबरोबर कातडी निघून आली. संध्याकाळपर्यंत काखेत, जांघेत तसंच. उकळतं पाणी सांडल्यासारखं लालभडक अंग. डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलली, मोठी सुरू केली. बाळ रडायचं थांबलं, मग दूध घ्यायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, रेशमा काचेबाहेर उभी असताना, बिजला गेली.

ज्योत्स्नाने बाळाला स्वतः पुसलं. कातडी जाऊ नये म्हणून पुसताना हात उचलून उचलून ठेवत होती. गेलेल्या जीवाला आता काय दुखणार आहे हे कळत असूनही. मगन रात्रीचा प्रवास करून आला, तोवर सगळं संपलेलं होतं. निघताना रेशमाने वाकून ज्योत्स्नाच्या पायाला हात लावला. "सिस्टर, तू आईसारखं पाहिलं तिला," ती म्हणाली. ज्योत्स्नाने तिला उठवून जवळ घेतलं.

त्यानंतर आणखी दोन बाळांना फोड आले. एक मुलगा वाचला. दुसरं बाळ, जुळ्यांतलं धाकटं, गेलं. ट्रस्टने काचेची खोली बंद केली, उरलेली बाळं दुसरीकडे हलवली आणि जळगावच्या एका प्रयोगशाळेतून डॉ. पुनम यांना बोलावलं. त्या जंतुशास्त्राच्या. वय पस्तिशीचं, आवाज हळू. त्यांनी नळ, वॉर्मर, पाळणे, औषधांच्या ट्रॉल्या, सगळ्यांचे स्वॅब घेतले. मग खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातले आणि हातांचे.

"माझ्या पोरींचे घ्या नीट," ज्योत्स्ना त्यांना म्हणाली होती. "कुणी हात धुवायला आळस करत असेल तर मला कळू दे. मी बघते तिच्याकडे."

पुढच्या आठवड्यात पुनम मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी ज्योत्स्नाला धुतलेल्या चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"सिस्टर, बसा."

"उभी बरी आहे मी. कोण आहे?"

"बाळांच्या फोडांत जो जंतू सापडला, तो तुमच्या नाकात आहे. बाकी कुणाच्याच नाही."

ज्योत्स्नाला आधी वाटलं, बाई नाव चुकल्या. "मी मास्क लावते," ती म्हणाली.

"हो."

"हात धुते. मी सगळ्यांना धुवायला लावते, मॅडम. विचारा कुणालाही."

"मला ठाऊक आहे. पण मास्क खाली सरकतो, आपण तो बोटाने वर करतो. त्यानंतर एकदा हात धुवायचा राहिला तरी पुरतं." पुनम मॅडमनी चादरींचा एक गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "आणि उलटही असू शकतं. आधी बाळाला झाला आणि बाळाकडून तुमच्याकडे आला, असंही. ते आता सांगता येणार नाही. कुणालाच नाही."

ज्योत्स्ना चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. बिजलाला दूध पाजताना, मास्कच्या आतून ती तिच्याशी बोलत असे. पी गं बाई, पी. तेवढंच तिला आठवत राहिलं.

तिला घरी बसवलं. नाकात लावायला मलम दिलं, अंगाला जंतुनाशक साबण. ट्रस्टच्या मॅनेजरने सगळ्यांना बजावलं की यातला शब्दही बाहेर जाता कामा नये. पण रुग्णालयात गोष्ट लपत नाही. मलमाचा कोर्स संपवून ती पुन्हा कामावर आली, तेव्हा तिची बदली निर्जंतुकीकरण विभागात झाली होती. तळमजल्यावर, बाळांपासून लांब. तिथे ऑटोक्लेव्हमध्ये शस्त्रक्रियेची अवजारं वाफेवर निर्जंतुक करून काढायची. जेवायच्या सुट्टीत ती आली की पोरी डबे घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकायच्या. वर्षानुवर्षं हेच तिने त्यांना शिकवलं होतं, त्यामुळे तिला रागावताही येईना.

शेजारी बसायची ती एकटी द्रौपदाबाई. काचेच्या खोलीतली आया, ज्योत्स्नापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी. बाळांचे लंगोट बदलणं, फरशी पुसणं, बाळंतिणींना चहा आणून देणं, सगळं तिच्याकडे. ती एकदा अगदी कानाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, मन्हा नाकमा बी जंतू शे म्हनतस. आते माले बी काढतीन का?"

"कोण म्हणालं?"

"त्या जळगावन्या मॅडम. पन त्या हसी ऱ्हायन्था. म्हने, तुमना जंतू चांगला शे."

ज्योत्स्नाच्या मनात ते रुतून बसलं. द्रौपदाबाई तिच्याइतकाच वेळ त्या खोलीत असायची. बिजलाला तिनेही हाताळलं होतं. मास्क तर ती हनुवटीवरच ठेवायची, ज्योत्स्नाने त्यावरून तिला कितीदा झापलं होतं. मग जंतू हिच्या नाकात का नाही शिरला?

तपासणीचा पुढचा स्वॅब द्यायला जळगावला जायचं होतं. धुळ्याहून बसने ती गेली. पारोळ्याला बस थांबली तेव्हा तिथे राहणाऱ्या भावाच्या घरी डोकावून जावं असं तिला वाटलंही नाही. प्रयोगशाळेत स्वॅब देऊन झाल्यावर तिने पुनम मॅडमना तो प्रश्न विचारला.

मॅडमनी तिला आत नेलं आणि एक काचेची चपटी बशी उजेडाकडे धरली. बशीत रक्त मिसळलेली लाल खळ होती. तिच्यावर जंतूंचे ठिपके वाढलेले.

"हा बाळांमधला जंतू. प्रत्येक ठिपक्याभोवती पांढुरकं कडं दिसतं? तिथलं रक्त त्याच्या विषाने विरघळलं आहे. आता इकडे बघा. मधोमध ही जी रेघ आहे, ती द्रौपदाबाईंच्या नाकातल्या जंतूची."

ज्योत्स्नाने चष्मा वर केला. रेघेपासून लांबच्या ठिपक्यांना कडी होती. रेघेजवळच्या ठिपक्यांना नव्हती. ठिपके तसेच होते, तेवढेच मोठे, पण त्यांच्याभोवती लाल रंग शाबूत होता.

"मेले नाहीत हे," ती म्हणाली.

"नाही. जिवंत आहेत, फक्त विष काढत नाहीत." पुनम मॅडम बशी खाली ठेवून बोलू लागल्या. "हे जंतू एकेकटे असताना गप्प असतात. प्रत्येक जण एक बारीकसा रासायनिक इशारा बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की तो इशारा साचतो, आणि साचला की त्यांना कळतं, आता आपण पुष्कळ झालो. मग सगळे मिळून विष सोडतात. द्रौपदाबाईंचा जंतू याच जातीचा, पण दुसऱ्या कुळातला. त्याचा इशारा थोडा वेगळा आहे. तो या कुळाच्या कुलपात शिरतो, पण कुलूप उघडत नाही, नुसता अडकून बसतो. मग यांचा स्वतःचा इशारा यांनाच ऐकू येत नाही. हेही तेच त्यांना करतात. ज्याचं कूळ आधी बसलं, त्याचं चालतं."

"आणि माझ्या नाकात कुणीच बसलेलं नव्हतं?"

"मागच्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतंत?"

ज्योत्स्नाला दाढ आठवली. तिने सांगितलं. किती वेळा, कोणत्या गोळ्या, कसं अर्ध्यात सोडलं, सगळं.

पुनम मॅडमनी ते सगळं कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "असं होऊ शकतं. तुमच्या नाकात आधी कुणी साधा जंतू असेल, तो त्या गोळ्यांनी मेला असेल. जागा मोकळी झाली आणि वॉर्डातला हा आडदांड येऊन बसला. पण सिस्टर, हा अंदाज आहे. तुमच्या नाकात आधी काय होतं, ते कुणी कधी तपासलेलं नाही."

"म्हणजे रजा घेऊन दाढ नीट दाखवली असती तर..."

"तसं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

मॅडमनी बशीवर झाकण ठेवलं. ज्योत्स्नाच पुढे झाली. "द्रौपदाबाईचा जंतू माझ्या नाकात सोडा. बोळ्याला लावून. आत्ता, इथे. मी लिहून देते कुठे सही हवी तिथे."

"नाही करता येत."

"का नाही? डोळ्यांनी दाखवलंत ना मला?"

"बशीत दाखवलं. नाक म्हणजे बशी नाही. फार वर्षांपूर्वी परदेशात हे करून पाहिलं होतं, नवजात बाळांच्याच बाबतीत. गरीब समजला जाणारा जंतू मुद्दाम लावला. पुष्कळ बाळं वाचली. पण एका बाळाला त्या गरीब जंतूनेच मारलं. गरीब जंतू कायम गरीब राहील याची हमी नसते. द्रौपदाबाईंच्या जंतूचीही नाही."

परतीच्या बसमध्ये ज्योत्स्ना खिडकीशी बसली होती. मलमाने काम केलं असेल, स्वॅब निर्दोष येईल, असं तिने धरून ठेवलं होतं, कारण वृषालीला आठवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणाला तिच्याकडेच येणार होती.

स्वॅब निर्दोष आला नाही. पुन्हा मलम, पुन्हा साबण. महिन्याभराने तपासलं, तेव्हा जंतू परत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे कधीचं ठरलेलं होतं. वृषालीने बाळाची झबली शिवून पिशवीत भरली होती. ज्योत्स्नाने फोनवर सांगितलं, "तू यंदा तिकडेच राहा. तुझ्या सासूबाई आहेत. इथे उकाडा फार आहे."

"उन्हाळ्यात उकाडा वरणगावला नाही का?" वृषाली हसली. मग तिला कळलं की आई थट्टा करत नाही. "आई, काय झालंय?"

"काही नाही. ड्यूट्या फार आहेत."

"सगळ्या जगाची लेकरं सांभाळलीस. लहानपणी मला ताप आला तरी शेजारी सोडून ड्यूटीला जायचीस. तेव्हा मी काही बोलले नाही. आता माझ्या वेळीही ड्यूट्याच?" आणि तिने फोन ठेवला.

मे महिन्यात वृषालीला मुलगी झाली, भुसावळच्या दवाखान्यात. ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी गेली. स्वच्छ धुतलेली साडी, तोंडाला दुहेरी मास्क. ती खाटेपासून लांब, दाराशीच उभी राहिली. वृषालीची सासू म्हणाली, "या ना आत, घ्या नात मांडीवर." वृषाली भिंतीकडे बघत होती.

तेव्हा ज्योत्स्नाने सांगितलं. सासूला बाहेर चहाला पाठवून, दारातच उभं राहून सांगितलं. बिजलाचं, जुळ्यातल्या बाळाचं, नाकातल्या जंतूचं. सांगताना मनातून तिला वाटत होतं, पोरगी म्हणेल, आई, काहीतरीच काय, ये, घे हिला. ती म्हणाली असती तरी ज्योत्स्ना गेली नसती. पण ऐकायचं होतं.

वृषालीने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले. "मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. आणि हे म्हणता म्हणता तिने शेजारी झोपलेल्या बाळाला उचललं आणि दारापासून लांब, खाटेच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे ठेवलं. मधे स्वतः आडवी झाली.

"बरोबर केलंस," ज्योत्स्ना म्हणाली.

"आई, मी तसं..."

"बरोबरच केलंस. कुणालाही हात धुतल्याशिवाय देऊ नकोस. सासूबाईंनाही नाही."

ती तिथून निघाली आणि भुसावळच्या स्टँडवर बाकावर बसून राहिली. मास्क काढायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

पावसाळाभर ती वरणगावला गेली नाही. वृषाली फोनवर मुलगी दाखवायची. आता दोघींत राग नव्हता. वृषाली उलट जास्त मऊ बोलायची, आणि तेच ज्योत्स्नाला सोसायचं नाही. मुलीचं नाव आर्या ठेवलं. बारशालाही ती गेली नाही, पैंजण कुरियरने पाठवले.

एका रविवारी ती शिरपूरची बस धरून गेली. रेशमाच्या गावाला जायचं, तिला भेटायचं, आणि पुढे काय ते तिथे गेल्यावर ठरवायचं, असं मनाशी होतं. शिरपूरच्या स्टँडवर डोंगराकडे जाणारी जीप उभी होती. ड्रायव्हर ओरडून माणसं भरत होता. ज्योत्स्ना जीपच्या दांडीला हात लावून उभी राहिली. रेशमाने आपल्या पायाला हात लावला होता, सगळं सांगून तो नमस्कार तिला परत घ्यायला लावायचा का? आणि घेतला नाही, तर मग ते ओझं कुणाचं? मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "अक्का, बसनं शे का नही?" ती बाजूला झाली. जीप भरून गेली. ती धुळ्याला परतली, आणि पुन्हा कधी निघाली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा पुनम मॅडमचा फोन आला. लागोपाठ तीन स्वॅब निर्दोष होते. "काढता आला, की आपणहून गेला, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आता कुणी साधा जंतू बसला आहे जागेवर. सिस्टर, तुम्ही पुन्हा खोलीत काम करू शकता. मी तसं ट्रस्टला कळवते."

ट्रस्टने ज्योत्स्नाला परत घेतलं नाही. काचेची खोली रंग देऊन पुन्हा सुरू झाली होती, नवी इन्चार्ज होती. बिचारी चांगली होती. मॅनेजर म्हणाले, तुमची तळमजल्यावर गरज आहे. ज्योत्स्नानेही वाद घातला नाही. एकदा द्रौपदाबाईने तिला आग्रहाने वर नेलं. "देखा तं खरं, कितला गोड पोऱ्या शे." पण ज्योत्स्ना काचेपासून चार पावलं अलीकडेच थांबली. आतली नवी सिस्टर एका बाळाची शीर शोधत होती, दोनदा चुकली. ज्योत्स्ना वळून जिना उतरली.

त्याच आठवड्यात ती वरणगावला गेली. वृषाली दारात उभी होती, कडेवर आर्या. "घे," ती लगेच म्हणाली. "घे आई, आता घे."

ज्योत्स्नाने हात पुढे करून तिला घेतलं. मुलगी सहा महिन्यांची झाली होती, माणूस ओळखू लागली होती. तिने या बाईच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ काढला आणि मोठ्याने भोकांड पसरलं. अंग मागे टाकून ती आजीकडे, प्रशीलच्या आईकडे, हात पसरू लागली. त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "झोप आली असेल तिला."

"सवय होईल तिला," वृषाली म्हणाली. "दोन दिवस राहा."

"राहते ना," ज्योत्स्ना म्हणाली, आणि रडणारी मुलगी वृषालीच्या सासूबाईंच्या हातात दिली. मुलगी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून क्षणात गप्प झाली.